ग्रुपफोटोत डोक्यातून खांब उगवतोय, मागची रांग गायब होतेय: तपासायला कुठून सुरुवात करायची

जानेवारी सरत आला की आमच्या शाळेत दहावीच्या निरोप समारंभाची तारीख ठरते आणि कॅमेरा माझ्या गळ्यात पडतो. दोन्ही अर्थांनी. मी चित्रकला शिकवते. "बाई, तुम्हाला फ्रेमचं कळतं" एवढ्या एका वाक्यावर ही जबाबदारी सतरा वर्षांपूर्वी माझ्याकडे आली, ती आलीच. दहावीच्या तुकड्या, सेवानिवृत्तीचे समारंभ, स्नेहसंमेलनाचे पाहुणे, नात्यातली लग्नं असे शे-दीडशे तरी रांगा लावून काढलेले फोटो माझ्या हातून झालेत. त्याहून जास्त फोटो दुसऱ्यांनी काढून "हे जरा नीट होईल का?" म्हणून माझ्याकडे आलेत. चुका मात्र दरवर्षी त्याच.

पहिल्या वर्षीचा फोटो अजून कपाटात आहे. खुर्च्यांच्या रांगेत मधोमध मुख्याध्यापक, आणि त्यांच्या टकलातून सरळ वर गेलेला झेंड्याचा खांब. सर मोठ्या मनाचे. म्हणाले, "बाई, यंदा ध्वजारोहण माझ्याच डोक्यावर उरकलंत." फोटो काढताना तो खांब डोळ्यांसमोर होता, तरी मला दिसला नव्हता.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या स्थिरचित्राच्या तासाला मी पोरांकडून एक गोष्ट घोकून घेते. सुरईशेजारी लिंबू ठेवलंय, तर लिंबाची कड सुरईच्या कडेला नुसती टेकवायची नाही. एक तर लिंबू नीट पुढे आणा, म्हणजे सुरईचा थोडा भाग त्याच्यामागे झाकला जाईल. नाही तर दोघांमध्ये बोटभर जागा सोडा. नुसतं टेकलं की पुढचं कोणतं आणि मागचं कोणतं हेच कळत नाही. झाका किंवा सोडा, टेकवू नका. ग्रुपफोटोत लिंबाच्या जागी माणसाचं डोकं असतं, बाकी नियम तोच.

लक्षणं

आधी फोटो मोठा करून सावकाश बघा. बहुतेक वेळा यातलंच काहीतरी असतं:

- डोक्यातून काहीतरी उगवलंय: खांब, ट्यूबलाइट, पंख्याचं पातं, कुंडीतलं झाड.
- कुणाच्या कानाला घड्याळ, तर कुणाच्या खांद्याला स्विचबोर्ड चिकटलाय.
- भिंतीवर जिथे खालचा ऑइलपेंट संपतो ती रेघ बरोबर सगळ्यांच्या गळ्यातून गेलीय.
- मागच्या रांगेत चेहऱ्यांऐवजी कपाळं आणि भांग आलेत.
- पुढे बसलेली मुलं थोराड दिसतात, मागची बाहुल्यांएवढी.
- दोन टोकांची माणसं आडवी फुगलीत.
- शाळेच्या फलकावरचं 'माध्यमिक विद्यालय' फोटोत 'मिक विद्या' झालंय.
- मागच्या तसबिरीचा अर्धा भाग कापलाय, किंवा तिच्या काचेत फ्लॅशचा पांढरा गोळा आलाय.
- मागची रांग धूसर आहे.

यातल्या शेवटच्या एकाच लक्षणाला कॅमेऱ्याची सेटिंग जबाबदार असते. बाकी सगळी जागेची दुखणी आहेत: तुमची जागा, माणसांची जागा, वस्तूंची जागा. लोक मात्र औषध उलट्या टोकापासून सुरू करतात. आधी लेन्स बदलतात, मग ॲप उतरवून घेतात. एक पाऊल बाजूला सरकून मात्र कोणी बघत नाही.

एक डोळा मिटा

यापेक्षा स्वस्त तपासणी नाही. कॅमेरा खाली ठेवा, जिथून फोटो काढणार तिथे उभ्या राहा, एक डोळा मिटा आणि रांगेकडे बघा. दोन डोळे दोन वेगळ्या जागांवरून बघतात, त्यामुळे खांब लांब आहे आणि माणूस जवळ आहे हे मेंदूला लगेच कळतं आणि तो खांबाकडे काणाडोळा करतो. कॅमेऱ्याला डोळा एकच. त्याला अंतर कळत नाही, त्याच्या लेखी खांब आणि टक्कल एकाच कागदावर असतात. शिवाय आपलं लक्ष चेहऱ्यांवर असतं. कोण हसतंय, कोणी डोळे मिटलेत, हेच बघत बसतो.

एक डोळा मिटून नजर चेहऱ्यांवरून नाही, डोक्यांच्या बाह्यरेषेवरून फिरवायची. डाव्या टोकाच्या पोराच्या कानापासून सुरुवात, केसांवरून वर, पलीकडे खाली, मग पुढचं डोकं. पेन्सिलीने रेघ काढावी तशी. रेघ काढताना हात जिथे अडखळेल तिथे काहीतरी टेकलेलं आहे. चार फुटांच्या सतरंजीवर बसलेल्या घरच्या फोटोला याला दहा सेकंद लागतात, पन्नास माणसांना मिनिटभर.

एक पाऊल बाजूला

टेकलेलं सापडलं की आधी स्वतः सरका. माणसं हलवणं महाग असतं; छप्पन्न जणांची रांग हलली की ती पुन्हा लागायला दहा मिनिटं जातात.

हिशेब सोपा आहे. माणूस माझ्यापासून ५ मीटरवर आणि खांब १५ मीटरवर असेल, तर मी उजवीकडे ३० सेंटिमीटर सरकले की खांब त्या माणसाच्या मागे उजवीकडेच २० सेंटिमीटर सरकलेला दिसतो. माणसाचं डोकं साधारण १५-१६ सेंटिमीटर रुंद, म्हणजे खांब डोक्याच्या मधोमध असला तरी एका पावलात मोकळा. नव्याने काढणारे इथे गोंधळतात: मागची वस्तू तुमच्या उलट नाही, तुमच्याच बाजूला सरकते.

पण भिंत माणसांच्या मागे १ मीटरवरच असेल, तर त्याच एका पावलात भिंतीवरचं घड्याळ जेमतेम ५ सेंटिमीटर सरकतं. तिथे तुम्ही सरकून काही साधत नाही, उलट रांगेच्या मध्यापासून तुम्हीच भरकटता. तिथे माणसं किंवा घड्याळ, दोन्हींपैकी एक हलवावं लागतं. लांबच्या वस्तूसाठी आपण सरकायचं, जवळच्या वस्तूसाठी ती वस्तू. हे एकदा कळलं की निम्मी धावपळ वाचते.

कॅमेरा वर-खाली

गळ्यातून गेलेल्या रेघेवर हा उपाय. अनेक जुन्या शाळांच्या भिंतींना चार-पाच फुटांपर्यंत चॉकलेटी ऑइलपेंट आणि वर फिकट रंग असतो, आणि ती सीमारेषा नेमकी उभ्या मुलांच्या गळ्याशी येते. कॅमेरा वर नेला की मागची रेघ डोक्यांच्या तुलनेत वर जाते, खाली आणला की छातीकडे उतरते. मुलं भिंतीपासून दोन-तीन मीटर पुढे असतील तर स्टुलावर चढण्याएवढ्या फरकातही रेघ गळ्यावरून हटते. भिंतीला पाठ लावून उभी असतील तर हलणार नाही. आधी त्यांना पुढे घ्या.

चार रांगा असतील तर कॅमेरा तिसऱ्या रांगेच्या डोळ्यांपेक्षा किंचित वर ठेवायचा. त्याने मागच्या रांगेची डोकी पुढच्यांच्या वर सुटी होतात. फार वर नेऊ नका. गच्चीवरून काढलेल्या फोटोत सगळे हौसेने माना वर करतात खरे, पण मुख्याध्यापक खुर्चीत बुटके दिसतात आणि त्याची आठवण तुम्हाला वर्षभर करून दिली जाते. शिडीवर चढायचं असेल तर खाली धरायला एक माणूस हवाच. आमच्याकडे ते काम शिपाईमामांचं. त्यामुळे शिपाईमामा गेल्या कित्येक वर्षांच्या फोटोंत नाहीत, हे एकदा लक्षात आलं तेव्हा फार वाईट वाटलं. आता एक फोटो टायमरवर काढतो, त्यात मामा आणि मी दोघेही असतो.

मागे जा

पुढचे थोराड आणि मागचे बाहुल्यांएवढे दिसत असतील तर तुम्ही फार जवळ आहात. चार रांगा म्हटलं की पहिल्या आणि शेवटच्या रांगेत साधारण २ मीटर अंतर पडतं. पहिली रांग ६ मीटरवर असेल तर मागचा चेहरा पुढच्याच्या पाऊणपट दिसतो. पहिली रांग १२ मीटरवर ठेवून झूम केलं तर तोच फरक सातव्या हिश्शावर येतो. लेन्सने हे होत नाही, अंतराने होतं. लेन्स फक्त त्या अंतरावरून फ्रेम भरून देते.

टोकाची माणसं फुगतात तेही इथेच सुटतं. साध्या कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या झूम लेन्सच्या १८ मिमीवर, म्हणजे सगळ्यात रुंद टोकावर, फ्रेमच्या अगदी कडेचा चेहरा आडवा जवळजवळ एक पंचमांश जास्त ताणला जातो, ३५ मिमीवर तोच ताण विसाव्या हिश्शाएवढा उरतो. मोबाइलवर झूमचा ०.५ हा आकडा तर ग्रुपफोटोत दाबायचाच नाही. १ वर काढा, जागा असेल तर २ वर. आमची छप्पन्न जणांची रांग साधारण ६.४ मीटर रुंद होते. दोन्ही बाजूंना थोडी मोकळी जागा धरून ८ मीटर फ्रेममध्ये बसवायचे, तर फुलफ्रेम (जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर ५० मिमी लेन्सला ११ मीटर मागे जावं लागतं. म्हणून फोटोची जागा ठरवताना मी मागची भिंत किती छान आहे हे बघत नाही, मला मागे सरकायला किती पावलं आहेत हे मोजते.

"रांगेला कमान द्या" हा सल्ला तुम्हाला सगळीकडे ऐकू येईल. टोकाची माणसं थोडी पुढे घेतली की कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशचा उजेड त्यांच्यापर्यंत बरा पोचतो, चेहरेही कॅमेऱ्याकडे वळतात. लांबून, ५० मिमीने काढत असाल तर जरूर द्या. पण खोली लहान आणि लेन्स वाइड असेल तर जी माणसं आधीच फुगणार होती त्यांना तुम्ही आणखी जवळ आणता. माझ्या एका चुलतबहिणीच्या लग्नात दोन्ही टोकांना दोन आत्या होत्या. त्यातल्या एकीने तो फोटो अजून घरात लावलेला नाही.

माणसं भिंतीपासून सोडवा

भिंत दिसली की माणसं तिला टेकतात, का ते देव जाणे. किमान दोन मीटर पुढे घ्या. फ्लॅशची काळी सावली भिंतीवर पडायची थांबते, मागचा खडबडीतपणा थोडा मऊ होतो, आणि मागच्या वस्तू तुमच्या एका पावलाने हलू लागतात. उघड्यावर असाल तर इमारतीच्या सावलीत, पण सगळेच सावलीत. झाडाखाली नको, कवडसे पडतात आणि एकाच्या नाकावर ऊन, दुसऱ्याच्या डोळ्यावर, असं होतं.

रांगा

आता माणसं हलवण्याची वेळ आलीच. मागच्या रांगेचे चेहरे झाकले जाण्याची कारणं दोनच: उंचीत पुरेसा फरक नाही, किंवा डोक्यामागे डोकं आहे.

हनुवटीपासून टाळूपर्यंत डोकं साधारण २२ सेंटिमीटर असतं. प्रत्येक रांग पुढच्या रांगेपेक्षा निदान ३० सेंटिमीटर उंच असली तरच चेहरा आणि थोडा गळा मोकळा राहतो. शाळेत हे आपोआप जमतं: पहिली रांग सतरंजीवर, दुसरी खुर्च्यांवर, तिसरी उभी, चौथी बाकांवर उभी. प्रत्येक टप्प्याला ३५ ते ४५ सेंटिमीटर मिळतात. या चारांतली एक पायरी गाळून दोन रांगा जमिनीवरच उभ्या केल्या की फसलंच. "उंच मुलं मागे" म्हणून ते भागत नाही. दहावीत उंचीतला फरक चार बोटांचा असतो आणि वर मुलींच्या वेण्या, मुलांचे कोंबडे.

इमारतीच्या पायऱ्या वापरत असाल तर हीच गफलत होते. पायरी १५-१७ सेंटिमीटर उंच, म्हणजे लागोपाठच्या पायऱ्यांवर उभं केलं तर मागच्याचा चेहरा पूर्ण दिसणार नाही. एक पायरी सोडून उभं करा.

डोक्यामागे डोकं येऊ नये म्हणून मागच्या रांगेतला प्रत्येक जण पुढच्या दोन डोक्यांच्या फटीत हवा. त्यासाठी लागोपाठच्या रांगांतल्या माणसांची संख्या एकाने कमी-जास्त ठेवली की फटी आपोआप जुळतात. आमचा ठरलेला हिशेब: खाली १४, खुर्च्यांवर ११, उभे १५, बाकांवर १६. एकूण ५६. खुर्च्या रुंद असल्याने त्या ११ जणांची रांग बाकीच्यांएवढीच लांब होते. खुर्च्या आणि उभ्या रांगेच्या फटी अशा आकड्यांनी जुळत नाहीत, ते डोळ्यांनी जुळवायचं. "खांदे तिरके करा" एवढं सांगितलं तरी उभ्या रांगेत दोन-तीन माणसांची जागा निघते. आणि मुलांना "मी तुला दिसते का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "माझा कॅमेरा दोन्ही डोळ्यांनी दिसतो का, एक डोळा मिटून बघ, मग दुसरा" असं सांगा. एका डोळ्याने दिसत नसेल तर चेहरा अर्धा झाकलेला आहे.

खुर्च्या आणि मानपान

ही तपासणी पैशाने फुकट आणि बाकी सगळ्या अर्थांनी महाग. खुर्च्यांची संख्या विषम ठेवा. सम असली की मधली खुर्ची कोणतीच नसते, मग अध्यक्ष आणि मुख्याध्यापक एकमेकांना "आपण बसा, आपण बसा" करत उभे राहतात आणि मागे बाकांवरची पोरं डुगडुगतात. पाहुणे यायच्या आधी खुर्च्यांवर चिठ्ठ्या लावा, आणि चिठ्ठ्यांचा क्रम कार्यालयातल्या कोणाकडून तरी ठरवून घ्या. तुम्ही ठरवू नका. मी एकदाच ठरवला होता.

१९२७ साली ब्रुसेल्सला भरलेल्या भौतिकशास्त्राच्या सॉल्वे परिषदेचा तो प्रसिद्ध फोटो आठवा. २९ शास्त्रज्ञ, तीन रांगा: पुढे ९ बसलेले, मध्ये ९, मागे ११. परिषदेचे अध्यक्ष लॉरेन्ट्झ होते, पण मधल्या म्हणजे पाचव्या खुर्चीवर आइन्स्टाइन आहेत आणि लॉरेन्ट्झ त्यांच्या शेजारी. बाकीचं भौतिकशास्त्र मला कळत नाही, पण अध्यक्षांनी मधली खुर्ची सोडली याचं मला दरवर्षी जानेवारीत फार कौतुक वाटतं.

घरच्या फोटोत हा प्रश्न सोपा असतो. आजी-आजोबा खुर्चीत मधोमध, पायाशी नातवंडं, बाकीचे मागे. फक्त लग्नाच्या स्टेजवरच्या त्या सोनेरी सिंहासनासारख्या खुर्चीत आजीला बसवू नका. तिची पाठ एवढी उंच असते की मागे उभ्या सुनांच्या हनुवट्या तिच्यावर टेकतात. साधी खुर्ची मागवा.

वस्तू: काय दिसायलाच हवं ते आधी ठरवा

लोक मागच्या वस्तूंचा विचार "काय काढायचं" असा करतात. उलट करा. या फोटोत कोणत्या दोन-तीन गोष्टी दिसायलाच हव्यात? शाळेचं नाव, 'इयत्ता १० वी अ' आणि वर्ष लिहिलेली पाटी, आणि तसबिरी असतील तर त्या. बाकी सगळं झाका किंवा हलवा.

पाटी पुढच्या रांगेत मधोमध, दोन मुलांच्या मध्ये जमिनीवर उभी. कुणाच्या हातात दिली की ती वर-वर सरकत त्याच्या हनुवटीला भिडते. शाळेचा फलक सगळ्यांच्या डोक्यांवर पूर्ण यायला हवा. 'मिक विद्या' झालं असेल तर मागे जा आणि कॅमेरा वर घ्या; तरी जमत नसेल तर फलक फ्रेमबाहेर सोडा, पाटी आहेच. सेवापूर्तीच्या फ्लेक्सचंही तेच. ज्यांचा समारंभ आहे त्यांचं नाव नेमकं त्यांच्याच डोक्यामागे येतं. फ्लेक्स दोन फूट वर बांधायला मंडपवाल्यांना आधीच सांगा, कारण बांधून झाल्यावर ते मिळत नाहीत.

महापुरुषांच्या तसबिरींबाबत तडजोड नाही. शिवाजी महाराज, फुले, बाबासाहेब यांची तसबीर फोटोत येणार असेल तर पूर्ण येईल, कुणाचं डोकं तिच्यावर येणार नाही आणि फ्रेमची कड तिला कापणार नाही. हे साधत नसेल तर ती पूर्णपणे फ्रेमबाहेर राहील अशी जागा निवडा. फोटोसाठी तसबीर काढून जमिनीवर ठेवू नका. यात सौंदर्यदृष्टीचा भाग कमी आणि गावात राहण्याचा जास्त आहे.

काचेतला पांढरा गोळा म्हणजे आरशाचा नियम: उजेड ज्या कोनात काचेवर पडतो त्याच कोनात परततो. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश समोरच्या काचेवरून थेट लेन्समध्ये येतो. फ्लॅश बंद करा, नाही तर तसबिरीच्या वरच्या कडेमागे कागदाची घडी घालून ती किंचित खाली झुकवा. गोळा खाली, लोकांच्या पाठींमागे जातो. चष्म्यांनाही हेच लागू: हनुवटी बोटभर खाली, बहुतेकांची चमक जाते.

मागची रांग धूसर

आता कुठे सेटिंग. मोबाइलवर पोर्ट्रेट मोड चालू असेल तर बंद करा. तो मागची रांगच पार्श्वभूमी समजून पुसट करतो. कॅमेऱ्यावर लेन्सचं छिद्र बारीक करा, म्हणजे एफचा आकडा वाढवा. फुलफ्रेमवर ५० मिमी लेन्स ५ मीटरवर फोकस केली तर एफ २.८ ला साधारण ४.३ ते ६ मीटर एवढंच स्पष्ट येतं, चार रांगांना ते पुरत नाही. एफ ८ ला तोच पट्टा ३.४ ते ९.६ मीटर होतो. पट्टा मागे जास्त पसरतो, पुढे कमी, म्हणून फोकस पहिल्या रांगेवर नको, दुसऱ्या रांगेवर करा.

धूसर नसून काळपट असेल तर दोष फ्लॅशचा. ६ मीटरवरच्या रांगेपेक्षा ८ मीटरवरच्या रांगेला निम्म्याहून थोडाच जास्त उजेड मिळतो. पुन्हा तेच: मागे जा, किंवा फ्लॅश सोडून दिवसा उघड्यावर काढा.

काढून झाल्यावर

फोटो एकावर थांबवू नका. मिटलेल्या डोळ्यांवर ऑस्ट्रेलियात दोघांनी गणितच मांडलं आणि २००६ मध्ये त्यांना त्यासाठी इग नोबेल, म्हणजे गमतीदार संशोधनाला देतात ते बक्षीस, मिळालं: वीसपेक्षा कमी माणसं असतील तर चांगल्या उजेडात माणसांच्या एक तृतीयांश, कमी उजेडात निम्मे फोटो काढा. बारा जणांच्या कुटुंबाला चार किंवा सहा. छप्पन्न जणांत मात्र कोणीतरी डोळे मिटणारच. म्हणून ट्रायपॉड लावून आठ-दहा फोटो काढायचे आणि मधे कॅमेरा अजिबात हलवायचा नाही. मग एका फोटोतलं उघड्या डोळ्यांचं डोकं दुसऱ्यात बसवता येतं. कॅमेरा हलला असेल तर मान आणि कॉलर जुळत नाहीत.

मोबाइलवरच्या खोडरबराने खांब पुसता येतो का? मागे मोकळं आकाश असेल तर येतो. केसांतून किंवा बोटांमागून गेला असेल तर पुसल्यावर डोक्याचा आकार बदलतो, कधी हाताला सहावं बोट फुटतं. मी अर्धा तास देते. तेवढ्यात झालं नाही तर तो फोटो सोडून दुसरा बघते.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

काही गोष्टी मी आता करत नाही, तुम्हीही करू नका.

बाकावर बाक चढवून पाचवी रांग करायची नाही. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर कोणालाही उभं करायचं नाही. एका वर्षी बाकाचा एक पाय मैदानातल्या मऊ मातीत रुतला आणि टोकाची दोन मुलं खाली आली. खरचटण्यावर निभावलं, पण तेव्हापासून बाक फक्त फरशीवर किंवा काँक्रीटवर, आणि दोन्ही टोकांना एकेक शिक्षक उभे. साठच्या वर माणसं आली, पाच रांगा लागणार असं दिसलं, की पायऱ्यांचं स्टँड घेऊन येणारा व्यावसायिक फोटोग्राफर बोलवा. तुकड्या वेगळ्या करून दोन फोटो काढायची तयारी असेल तर त्याची गरज नाही, आणि मी मुख्याध्यापकांना नेहमी तेच सुचवते.

स्टेजवरचे हॅलोजन, त्यांच्या वायरी, भिंतीवरचा पंखा किंवा ट्यूब फोटोसाठी स्वतः सरकवायची नाही; ते काम इलेक्ट्रिशियनचं. लोखंडी सांगाड्यावर ताणलेला फ्लेक्स मंडपवाल्यांनीच हलवायचा. आणि जो प्रसंग पुन्हा येणार नाही, म्हणजे शाळेचा सुवर्णमहोत्सव किंवा आजोबांची पंच्याहत्तरी, त्याला तुमचा पहिला प्रयोग करू नका.

फोटोग्राफर ठरवताना त्याला चार प्रश्न विचारा: स्वतःचं स्टँड आणणार का, जागा आदल्या दिवशी बघून जाणार का, किती अंतरावरून काढणार, आणि छपाईच्या आधी पूर्ण आकारात दाखवणार का. शेवटच्या प्रश्नावर टाळाटाळ झाली तर दुसरा बघा. मागे काय दिसायलाच हवं त्याची यादी त्याला कागदावर लिहून द्या. तो बाहेरचा असतो, कोणती तसबीर कुणाची हे त्याला माहीत नसतं.

आणि फोटो कोणीही काढो, रांग मोडायच्या आधी एका मुलाला वही घेऊन पुढे उभं करा. प्रत्येक रांग डावीकडून उजवीकडे, म्हणजे फोटो बघणाऱ्याच्या डावीकडून, नावं उतरवून घ्यायची. आमच्या कपाटातल्या सहा फोटोंमागे नावं नाहीत, आणि त्यातल्या एका तुकडीचा पंचवीस वर्षांनंतरचा मेळावा येत्या मे महिन्यात आहे.